सातवा खिसा

पूलच्या टेबलाला सहा खिसे असतात, असं नियमांच्या पुस्तकात छापलेलं आहे. ते अपुरं आहे. चार कोपऱ्यांत चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर एकेक, असे सहा होतात हे मलाही मान्य. पण सातवा खिसा हातात काठी घेऊन टेबलाच्या कडेला उभा असतो, आणि आपण खिसा आहोत याचा त्या बिचाऱ्याला पत्ता नसतो. १९९९ च्या जुलै महिन्यात हा सातवा खिसा डोंबिवलीत, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर अस्मादिकांच्या पँटला शिवलेला होता.

ही जुनी जखम आज उघडी करायचं कारण आमच्या शाखेतले हेड कॅशियर. माणूस एरवी सज्जन. बंडलात एक नोट कमी भरली तर रात्री आठपर्यंत टेबलाखाली रांगणारा. पण एका रविवारी त्यांनी मुलाच्या लॅपटॉपवर 'द हसलर' हा १९६१ सालचा अमेरिकन सिनेमा पाहिला आणि सोमवारी डबा उघडता उघडता जाहीर केलं, "काय माणूस हो तो पॉल न्यूमन! लोकांना बनवावं तर असं! कला आहे, कला!"

मी म्हटलं, "साहेब, मग आपण खोट्या नोटा कशाला पकडतो? त्यांतही चित्रकला असतेच."

यावर 'तुम्हाला सिनेमातलं काही कळत नाही' अशा अर्थाचं हसून ते भेंडीच्या भाजीकडे वळले. तेवढ्यात काउंटरवर कोणीतरी काच वाजवली आणि वाद अर्धवट राहिला. तो इथे पुरा करतो. इथे काच वाजवणारं कोणी नाही.

आधी हा हसलर म्हणजे काय पदार्थ ते सांगायला हवं. पूल उत्तम खेळणाऱ्याला हसलर म्हणत नाहीत. उत्तम खेळता येत असून बेताचं खेळणाऱ्याला म्हणतात. एखाद्या बुवांनी मुद्दाम बेसूर गावं, श्रोत्यांतल्या कुणा हौशी गृहस्थाने 'याच्यापेक्षा मी बरा' म्हणून पैज लावावी, आणि पैज लागल्यावर बुवांनी खरा षड्ज लावावा, तसा हा मामला. नेड पोल्स्की नावाच्या एका अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने या मंडळींत वावरून १९६७ साली त्यांच्यावर पुस्तक काढलं. (तिकडे कशावरही अभ्यास करू देतात. आमच्याकडे मी बी. कॉम. करत असताना कोणी विचारलंही नाही.) त्या धंद्याचं पहिलं कलम म्हणजे आपला खरा खेळ झाकून ठेवणं. अवघड फटका दिसला तरी तो मारायचा नाही, हात शिवशिवले तरी मारायचा नाही. आणि हरवायचं ते थोडक्यात. दहा बॉलनी हरलेला माणूस घरी जातो. एका बॉलने हरलेला माणूस 'अजून एक' म्हणतो.

हे कलम मी पुस्तकातून शिकलो नाही. मला ते टिफिनकाकांनी शिकवलं.

त्यांचं खरं नाव मला कधीच कळलं नाही. तेव्हा मी त्यांना म्हातारा समजत होतो, म्हणजे ते साधारण आजच्या माझ्या वयाचे असावेत. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पास, हातात टिफिनची कापडी पिशवी. जिन्याच्या तोंडाशी उभे राहून म्हणाले, "सात पंचावन्नच्या गाडीला वेळ आहे. म्हटलं, बघावं पोरं काय खेळतात." त्या माडीवर मी तेव्हा चॅम्पियन समजला जात असे. समजणारा मुख्यतः मीच होतो. तीन आठवड्यांच्या सरावाने माणूस चॅम्पियन होऊ शकतो, हीच तर या खेळाची गंमत. स्नूकरचं टेबल बारा फुटी, खिसे अरुंद. तिथे नवशिक्याला तासाभरात आपली लायकी समजते. पूलचं टेबल लहान आणि त्या मानाने खिसे ऐसपैस. बॉल आपणहून आत जायला उत्सुक असल्यासारखा वागतो. चार बॉल गेले की आपल्या अंगात काही दैवी आहे असं वाटू लागतं. हे टेबल ज्याने काढलं त्याला मनुष्यस्वभाव फार चांगला ठाऊक असला पाहिजे.

काकांनी काठी धरली ती केरसुणी धरावी तशी. पहिला डाव टेबलाच्या भाड्यावर, ते हरले. घडी घातलेल्या दहा-दहाच्या तीन नोटा पाकिटातून एकेक काढून दिल्या, आणि पाकिटात दत्तगुरूंचा फोटो होता तो मला दिसेल इतपत उघडं ठेवलं. मग पन्नास, पुन्हा हरले. मग शंभर, आणि काय चमत्कार, आठ नंबरचा काळा बॉल कडेवर आपटून, फिरून, भलत्याच खिशात जाऊन पडला. "लागलं की हो!" काका माझ्याहून चकित. "नशीब! खेळ तुझाच चांगला आहे हो, बाळ."

पुढे तीन तास त्यांचं नशीब आणि माझा चांगला खेळ यांचा सामना चालला. एस. वाय.ची फी आणि क्लासचा हप्ता मिळून नऊशे रुपये माझ्या खिशात होते. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो, कारण हिशेबाच्या माणसाने नोंद लपवू नये: दुप्पट लावू या, असं म्हणालो मी. ते नकोच म्हणत होते. "नको रे बाळा, फीचे पैसे असतील." आणि मी, एकोणीस वर्षांचा शहाणा, त्यांचा हात धरून त्यांना टेबलाशी परत आणत होतो. सात पंचावन्नची गाडी गेली, आठ चाळीसचीही गेली. शेवटची नोट गेल्यावर काकांनी टिफिन उघडला, त्यात दोन थालीपिठं होती, त्यातलं एक मला दिलं. मी ते खाल्लं. चांगलं होतं.

काय झालं हे मला कळलं ते पाचसहा वर्षांनी, बँकेत चिकटल्यावर. पूलमध्ये अडाण्याने बॉलकडे पाहावं आणि जाणत्याने पांढऱ्याकडे. काकांचे बॉल चुकत होते खरे. पण चुकल्यावर दर वेळी पांढरा जाऊन थांबत होता तो कडेला चिकटून किंवा त्यांच्याच बॉलमागे लपून. म्हणजे मला फटकाच उरू नये असा. माणूस चुकत नव्हता, तो चुका मारत होता. चुकलेल्या फटक्यानंतर पांढरा नेमका सोयीच्या जागी थांबवायला किती हात लागतो, ते तुम्ही कधी टेबलाशी उभे राहिला असाल तर समजेल.

कॅशियरसाहेब, हीच ती कला. आता तिचं हिशेबातलं नाव सांगतो. आमच्या कॉमर्सच्या पुस्तकात 'गुप्त राखीव निधी' नावाचा प्रकार होता. कंपनीने आपली मालमत्ता मुद्दाम कमी दाखवायची, म्हणजे ताळेबंदावर दिसते त्याहून ती आतून धष्टपुष्ट असते. बाकी जग एकतीस मार्चला आकडे फुगवून दाखवतं, त्याला विंडो ड्रेसिंग म्हणतात. हसलर वर्षभर एक एप्रिल पाळतो आणि आकडे पाडून दाखवतो. आणि आम्ही केवायसी म्हणून ग्राहकाच्या मागे लागतो, ते तर या लोकांनी केव्हाच साधलेलं. काकांनी पाच मिनिटांत माझी पूर्ण केवायसी केली होती: वय, शिक्षण, खिशातली रक्कम, रकमेचं कारण आणि बापाचा धाक. मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

आता इतिहास थोडा पाहू, कारण कॅशियरसाहेबांना अमेरिका फार प्रिय आहे. 'पूल' या शब्दाचा टेबलाशी मुळात संबंधच नाही. पूल म्हणजे पैजेसाठी सगळ्यांनी काढलेली वर्गणी. एकोणिसाव्या शतकात तिकडे पूलरूम म्हणत ती घोड्यांवर पैसे लावायची जागा. दोन शर्यतींच्या मधल्या वेळात गिऱ्हाईक कंटाळून निघून जाऊ नये म्हणून मालकांनी तिथे बिलियर्डची टेबलं टाकली. आपल्याकडे सलूनमध्ये वर्तमानपत्र ठेवतात, त्यातलाच प्रकार. जुगाराने खेळाला जागा दिली, आणि नावही आपलंच दिलं. सासरचं आडनाव लागावं तसं ते टेबलाला लागलं ते कायमचं.

त्याच देशात विली मॉस्कोनी नावाचा खेळाडू होऊन गेला. १९४१ ते १९५७ या काळात पंधरा वेळा जगज्जेता. १९५४ साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला एका प्रदर्शनी सामन्यात त्याने लागोपाठ ५२६ बॉल न चुकता खिशांत घातले. या माणसाला हसलर मंडळींचा मनस्वी तिटकारा. कोट-टाय घालून खेळावं आणि खेळाला चार घरंदाज माणसांत बसवावं, एवढीच त्याची इच्छा. 'द हसलर'मध्ये तांत्रिक सल्लागार म्हणून त्यालाच घेतलं होतं. आणि पडद्यावर छोटीशी भूमिका दिली, तीही कोणती? पैजेचे पैसे सांभाळणाऱ्याची! पंधरा वेळचा जगज्जेता, आणि सिनेमात कॅशियर. (हे मी आमच्या साहेबांना सांगितलं नाही. जिव्हारी लागलं असतं.)

त्याच सिनेमात 'मिनेसोटा फॅट्स' असं एक पात्र होतं, मूळ वॉल्टर टेव्हिसच्या १९५९ च्या कादंबरीतलं. सिनेमा गाजल्याबरोबर रुडॉल्फ वँडरोन नावाचा एक गलेलठ्ठ हसलर पुढे आला आणि म्हणाला, तो फॅट्स मीच. कादंबरीकार सांगत राहिला की पात्र माझ्या डोक्यातलं आहे, ऐकतो कोण? वँडरोन त्याच नावाने टीव्हीवर झळकला, त्याच नावाने प्रसिद्ध झाला. १९७८ च्या फेब्रुवारीत मॉस्कोनीची आणि त्याची टीव्हीवर लढत लावली. मॉस्कोनीने त्याला हरवलं. पण गंमत लोकांना वाटली ती जाड्याच्या बडबडीची. ५२६ बॉल घालणाऱ्याची गोष्ट सांगायला बसलं तर लोक जांभया देतात.

तिकडची गोष्ट कशाला? आमच्या त्या माडीवर भिंतीला पॉल न्यूमनचं पोस्टर होतं. विल्सन जोन्स यांचा फोटो नव्हता. १९२२ साली पुण्यात जन्मलेला हा माणूस १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्डचा हौशी जगज्जेता झाला. स्वतंत्र भारताचा कुठल्याही वैयक्तिक खेळातला तो पहिला जगज्जेता, आणि १९६४ साली न्यूझीलंडला जाऊन त्याने ते पद पुन्हा मिळवलं. ते १९९९ साली हयात होते, मुंबईतच राहत होते, आणि आम्हा माडीवरच्या वीस पोरांपैकी एकालाही त्यांचं नाव माहीत नव्हतं. माझा हसलरवरचा पहिला राग नऊशे रुपयांचा नाही, हा आहे. जो माणूस आपला खेळ उघड्यावर मांडतो त्याचं नाव कोणाला ठाऊक नसतं, आणि जो झाकतो त्याचं पोस्टर लागतं.

कॅशियरसाहेबांचा दुसरा मुद्दा जास्त कसलेला आहे. "बकरा लोभी असतो म्हणून कापला जातो. त्यात हसलरचा काय दोष?" साहेब, मी बकरा होतो, बकऱ्याची बाजू बकऱ्याकडून ऐका. मला नऊशेचे अठराशे नको होते. मला एवढंच हवं होतं की त्या केरसुणी धरणाऱ्या माणसाने कबूल करावं की मी त्याच्याहून चांगला खेळतो. आणि तो तर ते दर डावाला कबूल करत होता! याला लोभ म्हणायचं असेल तर जगातल्या सगळ्या कवींना तुरुंगात टाका.

आणि उगाच शकुनीचं नाव मध्ये आणू नका. शकुनी निदान शकुनी या नावाने आला होता. तो फाशांत निष्णात आहे हे सभेतल्या प्रत्येकाला माहीत होतं, धर्मराजालाही. तो सात पंचावन्नच्या गाडीला वेळ आहे म्हणून आत डोकावला नव्हता.

तिसरा मुद्दा मात्र साहेबांचा एकट्याचा नाही. तो देशाच्या कायद्याचा आहे, म्हणून जरा दबकून बोलतो. "पूल हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे." आपल्याकडचा जुगारबंदीचा मुंबई कायदा १८८७ चा, त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हाही मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरवला. तेव्हापासून दिवाळीत पत्ते कुटणाऱ्या प्रत्येक भावोजींच्या तोंडी हा निकाल असतो. कायद्याचा रोख असा की नशिबावर पैसे लावणारा वाईट आणि कौशल्यावर लावणारा बरा. मी म्हणतो, बकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हे नेमकं उलटं आहे. मटक्याच्या आकड्यावर हरलेला माणूस नशिबाला चार शिव्या घालतो आणि चहा पितो. आकड्याशी त्याचं वैर नसतं; आकडा काही त्याच्याहून हुशार नसतो. पण पूलमध्ये हरलेला माणूस रात्री गादीवर पडून छताकडे बघत कोन मोजतो. जरा डावीकडून मारला असता तर! त्याला हरण्याचं कारण सापडलेलं असतं, आणि ते कारण उद्या दुरुस्त होण्यासारखं असतं. नशीब माणसाला थांबवतं. कौशल्य त्याला सरावाला बसवतं.

तीनएक वर्षांपूर्वी माझ्या काउंटरवर एक पोरगा आला. तेवीस-चोवीसचा, शर्ट इस्त्रीचा. आई बरोबर होती. तिच्या नावची मुदत ठेव मोडायची होती. मुदतीआधी का मोडता, असं विचारायची आमच्याकडे पद्धत आहे. आई त्याच्याकडे बघू लागली आणि तो माझ्याकडे. पासबुक भरताना नोंदी दिसल्या: पन्नास, शंभर, पन्नास, दोनशे, पाचशे, सगळ्या मोबाइलवरच्या एकाच खेळाच्या नावे, रात्री बारा ते तीन. मी काही न बोलता पासबुक पुढे केलं. तोच हळू आवाजात म्हणाला, "सर, तसलं काही नाही. लकचा गेम नाहीये. पूल आहे. स्किल आहे."

त्याच्याकडे तर टिफिनकाकाही नव्हते. समोर कोण खेळतं, किती येतं, माणूस आहे की यंत्र, काही दिसायची सोय नाही. थालीपीठ तर दूरच. पुढे २०२५ साली संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला, आणि त्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही. ते वाचून मी शाखेत पेढे वाटणार होतो; पण ती ठेव मोडायच्या फॉर्मवर शिक्का मीच मारला होता हे आठवलं आणि राहून गेलं.

कायद्याचाच विषय निघाला आहे तर माझी स्वतःची केसही मांडून टाकतो. १८७२ च्या करार कायद्याचं तिसावं कलम म्हणतं की पैजेचा करार रद्दबातल. जिंकलेले पैसे कोर्टातून वसूल करता येत नाहीत. (अपवाद घोड्यांच्या शर्यतीतल्या पाचशे रुपयांच्या वरच्या बक्षिसाचा. घोड्यांचं सगळीकडे चांगलंच चालतं.) म्हणजे शेवटच्या तीन डावांचे पैसे मी दिलेच नसते तर काका काहीही करू शकले नसते. आणि सतरावं कलम म्हणतं की वस्तुस्थिती मुद्दाम दडवणं हे कपट; नुसतं गप्प बसणं म्हणजे मात्र कपट नव्हे. काका गप्प बसले होते का? छे! ते बॉल चुकवत होते. चुकवलेला एकेक बॉल म्हणजे 'मला येत नाही' असं तोंडी निवेदन होतं. माझी केस लोखंडासारखी मजबूत होती. दुर्दैव इतकंच, की ही दोन्ही कलमं एस. वाय.च्या अभ्यासक्रमात होती, आणि मी नुकतीच हरलो होतो ती एस. वाय.ची फी.

घरी सांगितलं, गाडीत खिसा कापला. हे अगदीच खोटं होतं असं मला अजूनही वाटत नाही. तीर्थरूप अंबरनाथच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. जन्मभर दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा टिपलेला माणूस. मी साडेनऊला घरी आलो, ते त्यांनी घड्याळाकडे न बघता पाहिलं असणार. एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पतपेढीतून नऊशे काढले आणि या वेळी फी भरायला स्वतः कॉलेजात आले. रांगेत माझ्यामागे उभे होते. खिडकीशी पोचल्यावर नोटा माझ्या हातात दिल्या, मोजून.

२०१६ साली ते गेले. कपाट आवरताना त्यांच्या जमाखर्चाच्या डायऱ्या निघाल्या, वर्षवार, दोरीने बांधलेल्या. साहजिकच मी १९९९ ची काढली. जुलै. दूध, रॉकेल, पास, 'चि. ची फी व क्लास ९००'. तीन दिवसांनी 'पतपेढी, उसने ९००'. त्याखाली 'चि. चा खिसा कापला', आणि पुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह. बस. ऑडिटर लोक असं चिन्ह काढतात. त्याचा अर्थ, खुलासा मागवावा. खुलासा आला की त्यावर बरोबरची खूण करायची असते. मी पुढची सगळी पानं पाहिली, २००० ची डायरीही पाहिली. खूण कुठे नव्हती. क्वेरी पेंडिंग.

हे सगळं मी काल डबा खाताना कॅशियरसाहेबांना सांगितलं; कोर्ट, कलमं, मॉस्कोनी, वडील, सगळं. भेंडी होती पुन्हा. ते हात धुवायचे थांबले. डोळ्यांत पाणीही आलं असावं, किंवा मिरची असेल. बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "फार वाईट झालं हो." मग खुर्ची थोडी पुढे ओढली.

"पण मला एक सांगा. तो काळा बॉल. कडेवर आपटून फिरून गेला म्हणालात. नक्की कुठल्या कडेवर?"

मी डब्याचं झाकण घेतलं आणि टेबलावरून सरकवून दाखवलं.